न्हाणीजवळची केळ

पितृपक्ष सरत आला होता. दिवसा ऊन भाजून काढायचं, पण सकाळच्या पारी सातपुड्याकडून असा गार वारा यायचा की केळीच्या पानांवरचं दव टपटप गळायचं आणि बागेत शिरलेल्या बायांचे पदर खांद्यापर्यंत भिजायचे. यावलच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या त्या गावात कांदेबागेच्या, म्हणजे पावसाळा सरताना लावायच्या केळीच्या, लावणीची घाई उडाली होती. जुन्या बागेतून खणून काढलेल्या केळीच्या कंदांचा ढीग बांधाला लागलेला, ढिगाभोवती विळे घेऊन बसलेल्या बाया, आणि ढिगाच्या उशाशी भिकुबाई.

कंद साळून घ्यायचं काम तिच्याकडे असायचं. साळणं म्हणजे वरचा शेंडा उडवायचा, मुळ्या तासायच्या आणि किडका भाग काढून कंद नारळासारखा गुळगुळीत करायचा. ते तर कुणीही करील. भिकुबाईची खरी करामत निवडण्यात. कंद हातावर घेऊन ती एकदा वरखाली झेलायची, की निकाल लागला. 'ठेव.' 'ठेव.' 'फेक.' गावातले दोन-तीन मोठे बागाईतदार तिच्याशिवाय लावणीला हात घालत नसत.

त्या दिवशी तिनं फेकलेला एक कंद सोनीबाईनं उचलून आणला. सोनीबाई डोंगराजवळच्या पाड्यावरून कामाला यायची; तिला काही वाया गेलेलं बघवत नसे.

"काऊन फेकला वं मुकादमीन? चांगला टपोरा तं हाये."

"टपोरा हाये, पन हलका हाये. हातात घेऊन पाह्य. याची माय पिवयी व्हती."

"तुले काय माहीत?"

"मले नही तं कोनाले माहीत? अवं, कंद जमिनीत घातला का लगेच त्याले मुया फुटतात का? तोवर त्याले कोन खाऊ घालतं? मायनं जी शिदोरी बांधून देल्ली, तीच खातो तो. मायच उपाशी आसली तं काय बांधून देईन? दगड? पिवय्या मायचं पील लावशीन, तं वरसभर रडशीन."

बाया हसल्या. भिकुबाई बोलायला लागली की पाटाला पाणी सुटल्यासारखं. मध्ये बांध घालायची सोय नाही. तिचा नवरा लोटन बागेला पाणी भरायचा. घरातलं सगळं बोलणं बायकोच उरकते, म्हणून त्यानं स्वतःचं बोलणं लग्नानंतर थोड्याच दिवसांत सोडून दिलं होतं, असं गाव म्हणायचं.

आणि त्या दिवशी तर भिकुबाईच्या पोटात एक बातमी नुसती उड्या मारत होती.

"दुपारच्या सुटीत बठ्ठ्या माह्या घरी चला. माही न्हाणीजवयची केय पाह्याले."

"ती पांढरी झाल्ती ती?"

"झाल्ती! आता पाह्य म्हनं. पोपट बसला तं दिसनार नही, आशी हिरवी झाली. आन् कशानं झाली ते सांगतो तिथीच. ऐकलं तं तोंडात बोट घालशीन."

आता ही केळ पांढरी कशी झाली होती आणि हिरवी कशी झाली, ते सांगायला थोडं मागं जावं लागतं.

भिकुबाईचा एकुलता एक मुलगा मगन. त्याला तिनं बायको आणली ती थेट धुळ्याकडची. सुनंदा तिचं नाव. काळ्या मातीतल्या कोरडवाहू गावातली पोर, बोलायची अशी अहिराणी की पहिले आठ दिवस घरात हसण्याची जत्रा. सुनंदानं 'दखा' म्हटलं की भिकुबाईनं 'पाह्य' म्हणायचं, आणि दोघींनी एकमेकींना चिडवायचं. सुनंदाला आई नव्हती. धाकट्या भावाच्या बाळंतपणात ती गेली होती. लग्नात पाठवणीच्या वेळी तिच्या बापानं, शालिग्रामनं, डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि भिकुबाईला म्हटलं होतं, "भिकुअक्का, इले माय नही शे. तुमना वटीमा टाकी दिनी." भिकुबाईनं सगळ्यांच्या देखत लुगड्याचा ओचा पसरून दाखवला होता, "हा पाह्या, टाका."

म्हणून सुनंदाला दिवस गेले तेव्हा पहिलटकरणीनं माहेरी जायची रीत बाजूला ठेवून बाळंतपण सासरीच करायचं ठरलं. माहेरी करणार कोण?

श्रावणात लताबाई नर्स आली. नशिराबादची बाई, पण सरकारी नोकरीत यावलला राहायची आणि आठवड्याचा एक दिवस एसटीनं ह्या गावाला यायची. पांढरी साडी, खांद्याला पिशवी, चालणं भरभर. तिनं सुनंदाला तपासलं, सुई टोचली आणि तांबड्या गोळ्यांची पुडी भिकुबाईच्या हातात ठेवली.

"रोज एक, जेवण झाल्यावर. ह्यात लोह असतं. रक्त वाढतं."

"लोह म्हंजे लोखंड का बाई? पोटात लोखंड?"

लताबाईनं दारातूनच बाग पाहिली आणि तिला एकदम छान सुचलं. "तुम्ही केळीचं पान पिवळं पडलं की हिराकस घालता ना? तेही लोहच. बस्स, तसलंच समजा."

भिकुबाईला ते लख्ख समजलं. जरा जास्तच लख्ख समजलं.

सुनंदानं दोन-चार दिवस गोळ्या घेतल्या. मळमळलं, ते तिनं सोसलं. पण एका सकाळी ती परसाकडून आली ती पांढरीफट्ट होऊन. "आत्याबाई, माले काय व्हई गयं! बठ्ठं कायं व्हई राह्यनं!" परसाकडं काळं झालं हे ऐकून भिकुबाई घाबरली आणि शेजारच्या वच्छलाबाईकडे धावली.

वच्छलाबाई गावची सुईण. अर्ध्या गावाची नाळ तिनं कापलेली, त्यामुळे अर्धं गाव आपल्याला दबून असावं अशी तिची समजूत. तिनं सगळं ऐकून घेतलं, तोंडातली मिसरी थुंकली आणि म्हणाली, "मंग! पोटात कायं गेल्यावर काय गोरं निंघनार हाये? पोर बी कायं ठिक्कर निंघीन. आन् ह्या गोय्यांनी पोर पोटातच फुगतं. तुह्या सुनेची कंबर पाह्यली का? मुठीत मावते. पोर आडकलं तं मंग मले बलवू नको."

गोळ्या बंद झाल्या. मात्र नर्सबाई दर खेपेला नवी पुडी द्यायची, आणि नाही म्हणून तिचं मन कसं मोडायचं? पुड्या फळीवर साठत गेल्या. औषध फुकटचं असलं तरी उकिरड्यावर फेकायला भिकुबाईचा हात धजेना. आणि एक दिवस भांडी घासताना तिची नजर न्हाणीजवळच्या केळीवर गेली. घराच्या मागं, न्हाणीचं पाणी मुरायचं तिथं तिनं हौसेनं लावलेली ती केळ. नवं पान निघायचं तेच फिकुटलेलं. शिरा तेवढ्या हिरव्या, बाकी सगळं कागदासारखं. हिराकस आणायचं आणायचं म्हणून राहून गेलं होतं.

"हात तुझी!" भिकुबाई स्वतःशीच म्हणाली. हिराकस तर फळीवरच पडलंय!

तिनं गोळ्या पाट्यावर वाटल्या, पाण्यात कालवल्या आणि केळीच्या बुडाशी ओतल्या. पुढची पुडी आली, तीही ओतली. त्यापुढचीही. आणि भादव्यात त्या केळीनं जे पान उलगडलं, ते बघून भिकुबाईनं लोटनला झोपेतून उठवून परसात नेलं होतं. लोटन म्हणाला, "हं." त्याच्या मानानं ते मोठं भाषण.

तर ही बातमी घेऊन ती दुपारी बायांचा घोळका घेऊन घरी आली, आणि योग असा की नेमकी त्याच वेळी लताबाई नर्सही दारात उभी. भिकुबाईला आनंदाचं भरतंच आलं. जिचं औषध तीच साक्षीला!

"या बाई, या! आंधी मागं चला. तुमच्या गोय्या म्हंजे काय गोय्या हायेत वं माय!" तिनं लताबाईचा हात धरून तिला जवळजवळ ओढतच परसात नेलं. "पाह्या! पान पाह्या! श्रावनात हे चिरगुटावानी झाल्तं. आता? हात फिरवून पाह्या."

लताबाईनं कौतुकानं हात फिरवला. "छान आहे की. काय घातलंत?"

"मी काय सांगून राह्यली मंग? तुमच्या गोय्या!"

"माझ्या?"

"तांबड्या नही का? सुनंदीच्या."

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. भिकुबाईचं तोंड अजून हसतंच होतं, पण डोळ्यांना काहीतरी चुकल्याचं कळू लागलं होतं.

"सगळ्या?" लताबाईनं विचारलं.

"चार-पाच तिनं खाल्ल्या व्हत्या. मंग..."

लताबाई कपडे धुवायच्या दगडावर मटकन बसली. आता ही आपल्याला फाडून खाणार, असं भिकुबाईला वाटलं. पण लताबाईच्या ओठांचे कोपरे हलू लागले आणि तिला असं हसू फुटलं की पिशवी मांडीवरून घसरली. "अहो भिकुबाई, चूक माझीच! मीच हिराकसाचं नाव काढलं. सरकारनं मला माणसांसाठी नेमलं आणि मी केळीचं बाळंतपण करत बसले!" बायाही हसल्या. मग लताबाईनं डोळे पुसले आणि तिचा आवाज बदलला. "पण सुनंदा कुठंय? तिला बोलवा."

सुनंदा मागच्या दारातच उभी होती. तोंडात काहीतरी होतं, ते तिनं घाईनं गिळलं.

"काय खात होतीस ग?"

"काही नही."

"जीभ दाखव."

जिभेवर माती होती. चुलीची, भाजलेली. सुनंदानं मान खाली घातली. "वास येस ना, मंग ऱ्हावास नही," ती पुटपुटली.

लताबाईनं तिच्या डोळ्याखालची पापणी बोटानं ओढली आणि भिकुबाईला जवळ बोलावलं. पापणीच्या आत गुलाबी दिसायला हवं, तिथं नुसतं कच्च्या केळ्याच्या गरासारखं होतं. मग तिनं पिशवीतून टीपकागद काढला, सुनंदाच्या बोटाला सुई टोचली आणि रक्ताचा थेंब कागदावर घेतला. सोबत एक पट्टी होती, तिच्यावर गडद लालपासून फिक्या लालपर्यंत रंग ओळीनं छापलेले. थेंब पट्टीशी लावला. गडद रंग मागं राहिले, मधले मागं राहिले. नव्या साडीच्या पहिल्या धुण्याचं पाणी असावं तसा तो थेंब पट्टीच्या पार फिक्या टोकाशी जाऊन थांबला.

"हे रक्त आहे?" घोळक्यातून कुणीतरी विचारलं.

"आहे, पण पातळ." लताबाई आता हसत नव्हती. "भिकुबाई, नीट ऐका. पोटातलं बाळ आईच्या रक्तातून लोह ओढून घेतं आणि स्वतःच्या अंगात साठवतं. का? तर जन्मल्यावर ते आईच्या दुधावर असतं. दूध अमृत खरं, पण त्यात लोह थोडंच. म्हणून पहिले सहाएक महिने बाळ नवं रक्त करतं ते ह्या साठ्यातूनच. पोटातून येताना आई त्याला शिदोरी बांधून देते म्हणा ना. आता आईचंच गाठोडं रिकामं असलं, तर पोर कमी शिदोरीवर येतं. कधी दिवस भरायच्या आधीच येतं, कधी बारकंच येतं. कधी दिसायला चांगलं असतं, पण काही महिन्यांनी पांढरं पडतं, मलूल होतं, उभं राहायला, बोलायला मागं पडतं. आणि आईचं? बाळंतपणात रक्त जायचंच. जायला तरी ते अंगात असावं लागतं ना?"

शिदोरी! भिकुबाईच्या कानात तो शब्द असा वाजला, जणू कुणीतरी मागून हाक मारली. सोनीबाई तिच्याकडेच बघत होती.

"मुकादमीन," सोनीबाई हळूच म्हणाली, "सकायी तूच तं सांगत व्हती. पिवयी माय, हलका कंद."

भिकुबाई सुनंदाकडे वळली.

सुनंदानं दाराची चौकट धरली होती. "मनी माय बी आशीच व्हती," ती म्हणाली. "चुल्हानी माटी खाये. मी धाकली व्हतू, माले बी दे थोडीशी. मंग भाऊ व्हयना आन् ती गई. लोके म्हनेत, तिना आंगमा रगतच नव्हतं."

न्हाणीजवळची केळ वाऱ्यावर डुलत होती, हिरवीगार, लाडावलेली. भिकुबाईनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू ती केळ चोरी करताना सापडली होती. शालिग्रामनं ओच्यात टाकलेल्या पोरीचा घास तिनं उचलून झाडाच्या बुडाशी ओतला होता, आणि वर गावभर मिरवायला निघाली होती. तिनं खरकन नाक शिंकरलं, पदर कमरेला खोचला आणि लताबाईपुढं तळहात पसरला.

"द्या."

"काय?"

"गोय्या. आत्ताच द्या. येळ हाये का नही अजून?"

"आहे. तीन-साडेतीन महिने आहेत. पण आता रोज दोन, आणि खाडा करायचा नाही."

"खाडा? मी मेली तरी खाडा व्हनार नही. आन् ते परसाकडचं कायं?"

"गोळीनं होतंच तसं. त्यात भिण्यासारखं काही नाही, आणि बाळाच्या रंगाशी त्याचा काडीचा संबंध नाही. गोळीबरोबर चहा मात्र नको, चहा लोह अंगाला लागू देत नाही. लिंबू पिळून पाणी द्या. पालेभाजी, गूळ-शेंगदाणे, मटकी, सगळं द्या. आणि ही माती बंद."

त्या दिवसापासून भिकुबाईच्या अंगात वारं शिरलं. जी बाई बागेत कंदांच्या मागं लागायची, ती सुनेच्या मागं लागली. दोन्ही जेवणं झाली की सुनंदापुढं पाट टाकून बसायचं, गोळी हातावर द्यायची आणि गिळल्यावर "आ कर" म्हणून जिभेखाली बघायचं. सुनंदा रडकुंडीला यायची. "आत्याबाई, मी वासरू शे का?" "वासरू बरं वं, ते इतकं बोलत नही." चहाचा डबा तिनं सरळ वच्छलाबाईच्या घरी ठेवून दिला, त्यामुळे लोटनचाही चहा गेला. लोटननं एकदा "चहा?" असं विचारलं, उत्तरादाखल त्याला लिंबूपाणी मिळालं. कामावरून येताना तिच्या ओच्यात कधी तांदुळजा, कधी शेवग्याचा पाला, कधी अंबाडी. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीशिवाय भाकरी नाही आणि लोखंडी कढईशिवाय भाजी नाही. चुलीला तिनं शेणाचा असा जाड पोतेरा फिरवला की मातीचा ढेकूळ निघायला पहार लागावी. आणि रोज सकाळी मोठ्या उत्साहानं चौकशी, भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात:

"कायं झालं का वं?"

"व्हयनं," लाजेनं सुनंदा.

"झ्याक! म्हंजे पोटात पोचली!"

भिंतीपलीकडून वच्छलाबाई ओरडायची, "नातू कोयसा झाला म्हंजे त्याले शेगडीत ठेव!"

"झाला तं झाला!"

"लाव पैज. कायं पोर झालं तं मले नऊवारी लुगडं."

"लावली! आन् पोर आडकलं नही तं तू माह्या घरी दिवाळीची भांडी घासशीन."

"दिवाळी होऊन जाईन तवा!"

"पुढच्या दिवाळीची घास. मले घाई नही."

वर चेष्टा चालायची, पण रात्री अंथरुणावर पडल्यावर भिकुबाईचा जीव खालीवर व्हायचा. वच्छलाबाईचं खरं निघालं तर? पोर खरंच फुगलं आणि अडलं तर? लोक म्हणतील, सासूनंच सरकारी गोळ्या कोंबून कोंबून बिनआईची पोर मारली. शालिग्राम काय म्हणेल? तो तर काहीच म्हणणार नाही, नुसती टोपी काढील. मग सकाळी सुनंदा अंगणात सडा टाकताना दिसायची. पूर्वी बादली उचलली की दम लागून ती ओट्याला टेकायची. आता टेकत नाही, हे भिकुबाईनं हेरलं होतं.

मार्गशीर्षात लताबाईनं पुन्हा सुई टोचली. भिकुबाई कपाशी वेचणं अर्ध्यावर सोडून आली होती, केसांत अजून कापसाचे तंतू. थेंब कागदावर पडला, पसरला. लताबाईनं पट्टी लावली. फिका रंग मागं राहिला, त्याच्या पुढचा मागं राहिला...

"सरकवा, बाई, आजून सरकवा!" भिकुबाई कुस्ती बघितल्यासारखी ओरडली.

"अहो, पट्टी मी नाही सरकवायची, रक्तानं सरकायचं!" पण लताबाईचाही चेहरा फुलला होता. थेंब मधल्या रंगाच्याही पुढं जाऊन बसला. पार गडद नाही, पण लाल. ओळखू येईल असं लाल. भिकुबाईनं तो कागद मागून घेतला आणि ओल्या थेंबानिशी भिंतीपलीकडे नाचवला. "पाह्य वच्छले, पाह्य! याले म्हंतात रगत!"

संक्रांत होऊन गेली आणि थंडीनं दात काढले. रात्रीच्या कडाक्यानं केळीची पानं करपू नयेत म्हणून बागेत ठिकठिकाणी ओला पाला पेटवून धूर केलेला असायचा. त्या सकाळी भिकुबाई धुरात डोळे चोळत उभी होती, तेवढ्यात मगन पायात चप्पल नसताना पळत आला.

"माय! तिचं पोट दुखून राह्यलं!"

"मंग इथी कायले आला? सायकल काढ आन् नर्सबाईले आन! यावलले जाय! पाह्यतो काय माह्याकडं?"

मगन गेला तो असा गेला की वाटेत दोनदा साखळी पडली आणि दोन्हीदा त्यानं ती पळता पळता बसवली, असं तो पुढं सांगायचा. त्याच्या कॅरियरवर बसून लताबाई आली, तोवर वच्छलाबाई खोलीत ठाण मांडून बसलीच होती. बोलवू नको म्हणालेली, पण भिंतीपलीकडून कण्हणं ऐकल्यावर तिला राहवलं नव्हतं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. लताबाईनं साबणानं हात धुतले आणि साबण वच्छलाबाईकडे सरकवला. वच्छलाबाईनं नाक मुरडलं, पण हात धुतले.

बाहेर ओट्यावर भिकुबाई बसेना. बागेतल्या बाया येऊन अंगणात जमल्या होत्या. सोनीबाईनं तिचा हात धरून ठेवला, नाहीतर ती दर घटकेला दार ठोठावायची. "आडकलं का? आरं कोनी सांगा ना, आडकलं का?" आतून वच्छलाबाईचा आवाज आला, "गप बस वं! पोराले वाट दिसून राह्यली, तुले कायची घाई!"

ऊन ओट्यावर चढलं आणि आतून असा ट्यांहा आला की अंगणातल्या आंब्यावरचे कावळे उडाले.

पोर अडलं नव्हतं. भरल्या दिवसांचं, भरल्या अंगाचं निघालं होतं. भिकुबाई आत घुसली तेव्हा पोर सुनंदाच्या पोटावर होतं आणि नाळ अजून तुटलेली नव्हती. लताबाईनं ब्लेडकडे हात नेला, तर वच्छलाबाईनं तो अडवला. "थांब. ठोकून राह्यली आजून ती. मायचं जे हाये ते उतरू दे पोरात." लताबाई थांबली. नाळेचं ठोकणं मंदावलं, थांबलं, मगच ती कापली. सुनंदाचं रक्त गेलं, पण बेतानं गेलं. ओठांवरचा रंग टिकून होता. ती मान उचलून विचारत होती, "काय शे? पोऱ्या का पोर?"

"पोरगी," लताबाई म्हणाली.

वच्छलाबाईनं बाळ उजेडात धरलं आणि तिचे डोळे लकाकले. "भिकुबाई! पाह्यलं का? काय म्हनलं व्हतं मी? काईसावयी!"

पोरगी खरोखरच सावळी होती. चांगली पिकल्या जांभळाच्या अंगाची.

"तिचा बाप कोनता पिठात लोयलेला हाये?" भिकुबाई म्हणाली. सगळ्यांनी दारातल्या मगनकडे पाहिलं. मगन केळीच्या वाळल्या चिकासारखा काळा. तो लाजून बाजूला झाला.

लताबाईनं बाळ घेतलं, त्याची मिटलेली मूठ उघडली आणि तळहात भिकुबाईपुढं केला. मग तळवे दाखवले, मग ओठ. लालचुटूक. "रंग इथं बघायचा असतो, भिकुबाई. पाठीचा नाही."

भिकुबाईनं नात दोन्ही हातांत घेतली. आणि सवयीनं, तिला कळायच्या आत, तिचे हात किंचित वरखाली झाले. जड होती. आतून भरलेली, जड.

"ठेव," सोनीबाई दारातून म्हणाली, आणि बाया अशा हसल्या की बाळ दचकलं.

"वच्छले, लुगडं घे!" भिकुबाई ओरडली, आणि तिचे डोळे घळाघळा वाहत होते. "तूच जितली! हिरवं घे, पोपटी घे, तुले लागीन ते घे!"

"आन् पोर आडकलं नही, म्हून भांडी?"

"घासजो ना मंग. सोडतो का काय तुले?"

बाराव्या दिवसाआधीच शालिग्राम धुळ्याच्या गाडीनं आला, डिंकाच्या लाडवांचा डबा मांडीवर सांभाळत. लेकीच्या उशाशी तो बराच वेळ बसून राहिला. तिच्या गालांकडे बघत होता. मग त्यानं टोपीला हात घातला.

"टोपी ऱ्हाऊ द्या डोक्यावर, भाऊ," भिकुबाई घाईनं म्हणाली. "लाडू काढा."

लताबाईही त्या दिवशी आली होती. बाळंतिणीच्याही गोळ्या चालूच ठेवायच्या, बाळाला सहा महिने अंगावरचंच दूध द्यायचं आणि मग भाताची पेज, डाळ, भाजी सुरू करायची. शिदोरी काही जन्माला पुरत नाही. एवढं सांगून ती निघाली, आणि उंबऱ्यात थांबून मगनकडे बघत म्हणाली, "आणि मगनभाऊ, पुढचं पील इतक्यात नको हं. आईला आधी भरून येऊ द्या." मगनला एकाएकी म्हशीला पाणी दाखवायची आठवण झाली.

भिकुबाईनं नातीची आंघोळ उरकली. शेक-शेगडीचं, तेला-बेसनाचं गढूळ पाणी मोरीतून वाहत परसात गेलं आणि तिथं तुंबलं. ती बघायला मागं आली. न्हाणीजवळची केळ निसवली होती. जांभळं कमळ बाहेर येऊन खाली वाकलं होतं. पण बुडाशी मायच्याच तोंडचं खाणाऱ्या पिलांची नुसती गर्दी झाली होती, त्यातच पाणी अडलेलं. तिनं वळचणीतला विळा काढला, लुगडं गुडघ्यापर्यंत वर खोचलं आणि खाली बसून एकेक पील बुडातून कापायला लागली.